सर्किट बोर्डाचा नमुना आणि फाइलची किल्ली

गेल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. नववीतली एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, हा तिचा प्रकल्प. भाईजानच्या लॅपटॉपवर महिनाभर खपून तिने बोर्डाचा आराखडा काढला होता. सॉफ्टवेअर ‘फ्री’ म्हणून उतरवलेले, पण निघाले ३० दिवसांच्या चाचणीपुरते. एकतिसाव्या दिवशी फाइल उघडायला गेली, तर समोर पैसे भरा अशी पाटी. फाइल घरातच होती, तिची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

यात आमचाही दोष होता. “कोणतेही फ्री सॉफ्टवेअर घ्या” असे वर्गात आम्हीच सांगून मोकळे झालो होतो. उर्दू शिकवणाऱ्याने तरी हा घोळ करायला नको होता. उर्दूत मुफ्त वेगळे आणि आज़ाद वेगळे. मराठीतही फुकट आणि मुक्त हे दोन निराळे शब्द आहेत. फुकट वस्तू देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो. मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिताच सर्वांना खुली असते. ते वापरायला, दुसऱ्याला द्यायला, बदलायला परवाना आधीच दिलेला असतो आणि तो कुणाला परत घेता येत नाही.

मुलीच्या अब्बांचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. ते म्हणाले, “सर, बाजारात याचीच तोडलेली कॉपी पेनड्राइव्हवर मिळते. घेऊन टाकू का? कुणाचं काय जातंय?” आम्ही म्हटले, जाते. बनवणाऱ्याचा हक्क जातो आणि त्या पेनड्राइव्हमधून लॅपटॉपमध्ये काय काय शिरेल त्याचा हिशेब नाही. शिवाय मुलीने बक्षीस घ्यायचे ते चोरीच्या हत्याराने कशाला, जेव्हा हक्काचे हत्यार विनामोल मिळते? त्यांना ते पटले. दुकानात नकली सुट्या भागांचा त्रास सोसलेला माणूस, फार समजवावे लागले नाही.

मग आम्ही तिघे बसलो आणि आधी एकच गोष्ट ठरवली: नमुना कशासाठी हवा आहे? सर्किट चालते का ते पाहायचे आहे, तारा कशा जोडल्या ते तक्त्यावर दाखवायचे आहे, की खरा तांब्याचा बोर्ड करायचा आहे? लोक इथेच फसतात. सगळ्यांत मोठे नाव असलेले सॉफ्टवेअर उतरवतात आणि पहिल्याच पडद्यावर घाबरून बंद करतात.

सहावी-सातवीच्या मुलांना आम्ही टिंकरकॅड देतो. ते ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीचे आहे, ब्राउझरमध्ये चालते, काही उतरवावे लागत नाही. पडद्यावर ब्रेडबोर्ड, बॅटरी, एलईडी, मल्टिमीटर, आर्डुइनो, सगळे मांडलेले. ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडून चालू करा, तो पडद्यावरच फुटतो. मग मध्ये रेझिस्टर का लागतो ते मुलांना एका मिनिटात कळते. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. त्यातून १५ मिलिअँपिअर न्यायचे तर जवळपास ४७० ओहम लागतात. हे गणित आम्ही फळ्यावर अनेक वर्षे सोडवले, पण तो फुटलेला एलईडी त्यांच्या लक्षात अधिक राहतो. पालकांना, विशेषतः मुलींच्या अम्मींना, नेहमी एक काळजी असते, की मुलीचा ईमेल, नाव-गाव कुठे द्यावे लागेल का. शिक्षकाने वर्ग उघडला तर मुले फक्त वर्गाचा कोड आणि टोपणनाव टाकून आत येतात. पण हे फुकट आहे, मुक्त नाही. काम कंपनीच्या संगणकावर राहते आणि नेट गेले की सारे ठप्प.

तक्त्यावर लावायला सुबक चित्र हवे असेल तर फ्रिट्झिंग बरे. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात ते जन्मले. त्याची संहिता खुली आहे. तयार प्रत उतरवताना मात्र ते थोडी रक्कम मागतात. ब्रेडबोर्डाचे हुबेहूब चित्र त्यात निघते. ईझीईडीए नावाचे चिनी सॉफ्टवेअरही मुले मोबाइलवर बघून विचारतात. सोपे आहे, पण तेही नुसते फुकटच.

खरा बोर्ड करायचा असेल तर आमचे मत कीकॅडच्या बाजूने आहे. झाँ-पिएर शारा या फ्रेंच प्राध्यापकाने १९९२ साली त्याची सुरुवात केली. जिनिव्हाजवळची सर्न ही अणुकणांचा अभ्यास करणारी मोठी प्रयोगशाळा २०१३ पासून त्याला हातभार लावते आहे. याउलट ईगलची गोष्ट पाहा. १९८८ पासून चालत आलेले, शिकणाऱ्यांचे आवडते सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतले आणि पुढे जाहीर केले की ७ जून २०२६ नंतर ईगल बंद. कंपनीने काय करावे हा तिचा प्रश्न; पण ज्यांची वर्षांची चित्रे त्यात होती त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. गंमत अशी की कीकॅडला ईगलच्या फाइली वाचता येतात, त्यामुळे पुष्कळ जण तिकडेच गेले. कीकॅडची फाइल साधा मजकूर असते. नोटपॅडमध्येही उघडते. किल्ली आपल्याच खिशात.

त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी चिन्हांचे सर्किट काढायचे, मग प्रत्येक चिन्हाला बोर्डावरची खरी जागा, म्हणजे पायांची भोके नेमून द्यायची. ते झाले की बोर्डाचा त्रिमिती नमुना पडद्यावर फिरवून बघता येतो: हिरवा पत्रा, त्यावर उभे ट्रान्झिस्टर, रेझिस्टरच्या पट्ट्यांसकट. आमच्या विद्यार्थिनीने तो पहिल्यांदा फिरवला तेव्हा अब्बांनाही दुकानातून बोलावून आणले. हाच नमुना स्टेप फाइल म्हणून बाहेर काढून फ्रीकॅड या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडला की बोर्डाच्या मापाची डबी आखता येते. नेहमीचा बोर्ड १.६ मिलिमीटर जाड असतो, डबीची खाच तेवढी धरावी.

पण त्रिमिती चित्र सुंदर दिसले म्हणजे बोर्ड बरोबर असतोच असे नाही. आमचा दिवा पहिल्या खेपेला लागलाच नाही. सर्किट साधे: प्लसकडून बेसकडे एक प्रीसेट, बेसपासून मायनसकडे एलडीआर. अंधारात एलडीआरचा रोध वाढतो, बेसचा दाब चढतो, ट्रान्झिस्टर उघडतो आणि दिवा लागतो. संगणकावर तपासणीत एक चूक निघाली नाही. दोन दिवस डोके खाजवल्यावर अब्बांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, “सर, पाय उलटे आहेत.” बाजारातला बीसी ५४७ सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो. मुलीने चिन्ह निवडले होते २एन३९०४चे. त्यात क्रम एमिटर, बेस, कलेक्टर. दोघांचा आकार तोच, भोके तीच, चित्र तेच. सॉफ्टवेअरला बिचाऱ्याला काय कळणार की दुकानातून कोणता आणला! तेव्हापासून आमचा नियम झाला आहे: सुटा भाग आधी हातात घ्यायचा, त्याचे पाय वहीत लिहायचे, मग चिन्ह निवडायचे.

दुसरी ठेच छपाईत लागली. आम्ही तांबे कोरण्याआधी बोर्डाचे चित्र कागदावर खऱ्या मापात छापतो, पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि टाचणीने भोके पाडून सुटे भाग त्यात खोचून पाहतो. यापेक्षा सोपा आणि स्वस्त नमुना नाही. पण छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, तर प्रिंटर चित्र थोडे आक्रसवतो. १६ पायांच्या आयसीत एका बाजूच्या पहिल्या आणि शेवटच्या पायात १७.७८ मिलिमीटर अंतर असते, कारण दोन पायांत २.५४ मिलिमीटर. ९७ टक्के छापले तर तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक होते आणि आयसी खोचताना पाय वाकतो. म्हणून चित्राच्या कडेला १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवावी आणि छापलेल्या कागदावर कंपासपेटीतली पट्टी लावून बघावी. इस्त्रीने ठसा उमटवणार असाल तर खालच्या थराचे चित्र उलटे करू नका. ते वरून पाहिल्यासारखे आधीच उलटे असते. यात आमचा एक बोर्ड वाया गेला.

कीकॅडचे अवगुणही सांगायला हवेत. ते मोबाइलवर चालत नाही. उतरवायची फाइल एक जीबीच्या पुढची आहे, म्हणजे मोबाइलच्या नेटवर घरातला दिवसाचा डेटा संपलाच समजा. शाळेत किंवा ओळखीच्या वायफायवर एकदा उतरवून पेनड्राइव्हने वाटून घ्यावे. इथे वाटणे चोरी नाही, परवान्यातच तशी मुभा आहे. शिकायला कुणी नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ पाहावेत; त्यांचे पुष्कळ पाठ मराठी आवाजातही आहेत. त्याच संस्थेतल्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम नावाचे मुक्त सॉफ्टवेअर बनवले आहे. त्यात चित्र काढायला कीकॅडच वापरले आहे आणि सर्किट चालवूनही बघता येते. ते कॉलेजच्या मुलांसाठी अधिक योग्य, नववीसाठी जड.

आणखी एक. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर एक आवृत्ती आणि घरी दुसरी असली, की मूल पुन्हा दाराशी रडवेले उभे राहणार. आम्ही आता वर्षाच्या सुरुवातीलाच एक आवृत्ती ठरवतो आणि तिचा क्रमांक वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवतो. तो कुणी पुसायचा नाही.

प्रदर्शनात त्या दिव्याला तिसरा क्रमांक मिळाला. मुलीची ती जुनी, कुलूपबंद फाइल अजून भाईजानच्या लॅपटॉपवर पडून आहे; पुसू का म्हणून तिने विचारले होते, आम्ही राहू दे म्हटले. या वर्षी ती दहावीत आहे, वेळ कमी मिळतो, तरी अब्बांच्या दुकानासाठी चार्जर तपासायचा एक छोटा बोर्ड तिने काढायला घेतला आहे. पुठ्ठ्यावरचा नमुना परवा दाखवायला आणला होता. ट्रान्झिस्टरचे पाय तिने आधीच वहीत लिहिले होते.