मत नसलेल्या मुलीचा नागरिकशास्त्राचा तास

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत होतो, तोच कॅलिफोर्नियाहून भाचीचा फोन. "मामा, किमान वेतन वाढवावं की नको? सोमवारी वर्गात बाजू मांडायचीय."

वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतोय, पण बारावीच्या वयाच्या पोरानं मला असलं काही कधी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कुठून? आपल्याकडे पीयूसीला सायन्स घेतलं की दोन भाषा सोडल्या तर सगळं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित. राज्यघटनेची गाठ दहावीलाच सुटते, आणि मताचा हक्क येतो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी.

तिकडे उलटं. पुढं इंजिनिअर व्हा नाहीतर गवई, कॅलिफोर्नियात हायस्कूल पुरं करायचं तर एक सहामाही अमेरिकेची शासनव्यवस्था आणि एक सहामाही अर्थशास्त्र शिकावंच लागतं. बहुतेक शाळा हे विषय बारावीलाच ठेवतात. त्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबर राज्याचे दहा प्रस्ताव थेट मतदारांपुढं होते. त्यातला ३२ क्रमांकाचा किमान वेतन तासाला १६ डॉलरवरून १८ वर नेण्याचा. प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं एकाच पुस्तिकेत छापून सरकार घरोघर मतदारांना पाठवतं. मास्तरांनी तीच पुस्तिका पाठ्यपुस्तक केली. (आमच्या कॉलेजात असं काही केलं तर प्राचार्य आधी मला बोलावून घेतील!) भाची वाढीच्या बाजूनं बोलली आणि वर्गात जिंकली. राज्यात मात्र प्रस्ताव थोडक्यात पडला.

जानेवारीत अर्थशास्त्र सुरू झालं. मागणी-पुरवठ्याच्या रेषा आल्या. भाव समतोलाच्या वर बांधला तर माल पडून राहतो, आणि माल म्हणजे माणसाचे श्रम असले तर त्यालाच बेकारी म्हणतात. पोरगी हिरमुसली. "म्हणजे मी चुकीचं बोलले?" मग मी तिला कार्ड आणि क्रूगर यांची गोष्ट सांगितली. न्यू जर्सीनं १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, तेव्हा या दोघांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली बर्गरची दुकानं तपासली. नोकऱ्या घटल्याचं काही दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, पण अर्थतज्ज्ञांचा वाद अजून चालूच आहे. "मग खरं काय?" म्हणून ती वैतागली. मी म्हटलं, "आता लागलीस बघ अर्थशास्त्र शिकायला!"

एक गोष्ट मात्र तिनं बऱ्याच दिवसांनी सांगितली. तिकडे सोळा वर्षांवरच्या शाळकरी मुलांना मतदान केंद्रावर कामाला घेतात. तिच्या मैत्रिणी गेल्या. हिला जाता आलं नाही. त्यासाठी नागरिक तरी असावं लागतं, नाहीतर ग्रीन कार्ड तरी हवं. वडील एच-वन-बी वर, ही त्यांच्यामागं एच-फोर वर. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळं आपल्या लोकांची रांग हलता हलत नाही. एकविसावं लागलं की वडिलांमागचा व्हिसाही संपतो. तिला एकविसावं लागेल जानेवारी २०२८ मध्ये. पाच वर्षांची असल्यापासून ती तिथं आहे. ज्या घटनेच्या दुरुस्त्या तिला क्रमानं पाठ आहेत, त्या देशात राहण्यासाठी तिला तेव्हा नवा व्हिसा शोधावा लागणार.

ताईशी यावर बोलणं निघालं की ती विषय बदलते.

भाचीला अठरावं लागलं तेव्हा मी तिला फॉर्म ६-ए ची माहिती पाठवली. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थांना २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येतं, आणि हिच्या पासपोर्टावर पत्ता बेळगावच्या आमच्या गल्लीतलाच. फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं. कर्नाटक विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ लाच अपेक्षित आहे.

फॉर्म भरून झाल्यावर तिचा पुन्हा फोन. "मामा, एका मतासाठी विमानाचं जाऊन-येऊन तिकीट. आमचे मास्तर याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात, तेवढ्या पैशात दुसरं काय काय झालं असतं ते."

"मग?"

"मग काय, आत्तापासून साठवतेय."