आयनांबरातील खळबळ आणि विमानांचा उपग्रह-संपर्क

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलादासाठी प्रसिद्ध असले, तरी विमानांच्या उपग्रह-संपर्काच्या दृष्टीनेही त्याचे स्थान लक्षणीय आहे. सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावरील हा प्रदेश आयनांबरातील 'विषुववृत्तीय विसंगती'च्या उत्तर पट्ट्याजवळ येतो. चुंबकीय विषुववृत्तावरून वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन या पट्ट्यात साठतात.

सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आयनांबरात विरळ इलेक्ट्रॉनांचे 'बुडबुडे' वर चढतात. त्यांतून जाणारे उपग्रह-संदेश लुकलुकत्या ताऱ्याप्रमाणे क्षीण-प्रबळ होतात आणि कधी संपर्कच तुटतो. सूर्याच्या सक्रियतेच्या वर्षांत हा प्रकार वाढतो.

मार्च २००२ मध्ये अफगाणिस्तानातील ताकुर घर शिखराकडे निघालेल्या अमेरिकी हेलिकॉप्टरला धोक्याचा इशारा मिळाला नाही आणि ते शत्रूच्या माऱ्यात सापडले. उपग्रहमार्गे पाठविलेला हा संदेश न पोहोचण्यास असा बुडबुडा काही अंशी कारणीभूत असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला.

हवाई दिशादर्शनाचे संकेतही याच थरातून येतात. त्यामुळे इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी 'गगन' प्रणाली उभारताना इलेक्ट्रॉनांचे मापन करणारी केंद्रे देशभर बसविली. भिलाईशेजारचे रायपूर त्यांपैकी एक होते. या माहितीवरून भारतीय परिस्थितीस अनुरूप प्रारूप तयार झाले. २०१५ मध्ये उंचीच्या मार्गदर्शनासह विमान उतरविण्यासाठी 'गगन'ला मान्यता मिळाली, तर एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे इंडिगोचे विमान तिच्या साहाय्याने उतरले.

मात्र, प्रारूपामुळे संकेताला होणारा विलंब दुरुस्त करता येतो. तुटलेला संकेत परत आणता येत नाही. महागडी अवतरण-यंत्रणा नसलेल्या लहान विमानतळांनाच 'गगन'चा अधिक लाभ अपेक्षित असल्याने ही मर्यादा महत्त्वाची ठरते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेनुसार नोव्हेंबर २०१९ पासून अवकाश-हवामानाच्या सूचना विमानचालकांसाठी प्रसृत होतात. उपग्रह-संपर्क आणि दिशादर्शन या दोहोंचा त्यांत समावेश आहे. तथापि, बुडबुडा नेमका कोठे व केव्हा उठेल, हे आधी सांगणे अद्याप कठीण आहे. म्हणूनच आयनांबरावर अवलंबून नसलेली व्हीएचएफ रेडिओ आणि जमिनीवरील दिशादर्शक साधने कालबाह्य समजून मोडीत काढणे परवडणारे नाही.