उठावण्यानंतर

पुण्यातील व्यापारी जैन घरांत शोकाला फारशी सवड मिळत नाही. वैकुंठ स्मशानभूमीतून परतताच उठावण्याची वेळ ठरते, वृत्तपत्रात निवेदन जाते, नवकाराचा जप होतो, दानाच्या रकमा जाहीर होतात आणि दुकानाचे शटर पुन्हा वर जाते. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच आहे. देह सोडलेला जीव घुटमळत नाही. काही समयांतच तो नव्या गतीला जातो. त्याला आपले अश्रू पोहोचत नाहीत आणि पिंडही पोहोचत नाही. तत्त्वार्थसूत्राने इष्टवियोगाचे सतत चिंतन आर्तध्यानात गणले आहे.

तरीही शोक आवरत नाही. महावीरांच्या निर्वाणानंतर त्यांचे ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन शोकाने व्याकुळ झाले, तेव्हा भगिनी सुदर्शनेने त्यांना घरी नेऊन जेवू घातले. श्वेतांबर परंपरेत भाऊबीज सांगितली जाते ती याच प्रसंगाची.

परंतु ताट वाढणारीच गेली तर?

जळगावचे उद्योगपती भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्यावर पत्नी कांताबाईंच्या निधनाने ही वेळ आली. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील या गृहस्थांनी १९६३ साली ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विक्रीपासून आरंभ केला आणि पुढे ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभारला. पत्नीच्या पश्चात त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. जळगावात कांताबाईंच्या नावाचे सभागृह आहे, नेत्रालय आहे, गिरणेवर बंधारा आहे. पण या सर्वांहून ते पुस्तक मोलाचे वाटते. सभागृहाला नाव देता येते. सहजीवनाविषयी चारचौघांसमोर लिहायला मात्र निराळे धैर्य लागते, आणि आपल्या समाजातील पुरुषांना त्याची सवय नाही.

पुरुषाच्या देणगीची पावती फाटते, संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते. घरातील स्त्रीचे दान कोणत्या खात्यात टाकायचे? भांडीवालीच्या मुलीची फी, माहेरी परतलेल्या नणंदेच्या हाती गुपचूप ठेवलेली नोट, सोसायटीच्या रखवालदाराचा रात्रीचा डबा. (कीर्दखतावणीत पै-पैचा मेळ घालणाऱ्या घरालाही याचा पत्ता नसतो, हे नवलच.) ती गेल्यावर एखादी अनोळखी बाई जिन्यात बसून रडू लागते, तेव्हा घरच्यांना प्रथम कळते.

म्हणून उठावण्यात रकमा जाहीर करण्याआधी सुनांनी आणि मुलांनीही तिची जुनी वही उघडावी, देवघरातील डबा पाहावा, फोनमधील अपरिचित नावांची चौकशी करावी. कोणीतरी एक तारखेची वाट पाहत असेल. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली असेल, पण आता पैसे मागायचे कोणाकडे, हे त्याला ठाऊक नसेल. निरोप घरूनच जायला हवा, तोही एक तारखेपूर्वी.