नखाएवढी हिरवळ

कुठेही जा, पळसाला पाने तीनच, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. पण त्या तिनांपैकी एकही पान फांदीवर नसताना पळस कसा दिसतो, हे नीट पाहायला मला साठी गाठावी लागली.

गेल्या चैत्रात रामनवमीसाठी आम्ही उभयता पोहरादेवीला गेलो. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. यात्रेची गर्दी ओसरेपर्यंत सावलीत बसावे, म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका नाल्याच्या घळीत उतरलो. पाणी नावालाही नव्हते. तापलेले काळे दगड आणि दोन्ही अंगांना बोडकी झाडे. सालई नागडी उभी, पळसाची उरलीसुरली केशरी फुले खाली पडलेली.

"इथे पाहायचे ते काय?" मी कुरकुरलो. वाचकहो, पत्नीने ओठांवर बोट ठेवले नसते, तर मी तसाच माघारी फिरलो असतो!

नाल्याच्या उभ्या काठात बोटाएवढी बिळे होती आणि वेडे राघू त्यांत ये-जा करीत होते. मातीत हातभर बोगदा कोरून त्याच्या टोकाशी ते अंडी घालतात. उरलेल्या पळसफुलांत एक काळाभोर शिंजीर चोच खुपसत होता. वरच्या माळावर टिटवी आमच्या नावाने ओरडत होती. तिची अंडी असतात उघड्या खड्यांवर. ऊन फार झाले, की ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते.

मोहाची फुले वेचणारी एक वयस्क बंजारा बाई भेटली. तिच्यामागे एक निष्पर्ण झाड होते. त्याला हात-हातभर काळ्या शेंगा लोंबत होत्या. मी चपापलो. हुबेहूब असेच झाड आमच्या अमरावतीच्या अंगणात होते! आम्ही त्या घरात आदल्या पावसाळ्यातच राहायला आलो होतो. फाल्गुनात ते झडले. 'वाळले' असे ठरवून ते तोडण्यासाठी मीच अर्ज केला होता. परवानगी हाती होती आणि सोमवारी कुऱ्हाडवाला यायचा होता.

"बाई, हे वाळलेले झाड कसले?"

"वाळलं नाही थे, भाऊ. बहावा हाये. नखानं खरडून पाहा जरा."

मी कोवळ्या फांदीवर नख ओढले. करड्या सालीखाली ओली हिरवी रेघ उमटली.

त्यामागचे शास्त्र साधे आहे. झाडाचे बहुतेक पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून उडून जाते. उन्हाळ्यात जमीन पाणी देईनाशी झाली, की झाड पानांचा खर्च बंद करते आणि त्याच पानगळीत फुलून घेते. आडोसा नसल्याने फुले लांबूनच पाखरांच्या आणि कीटकांच्या नजरेत भरतात. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटी घळींत 'पालो व्हर्दे' नावाचे झाड आहे. या स्पॅनिश नावाचा अर्थ हिरवी काठी. दुष्काळात ते पाने टाकते आणि आपल्या हिरव्या सालीवरच अन्न तयार करते. वसंतात तेही पिवळेधमक होते, आपल्या बहाव्यासारखे!

आणि ही विद्या सांगावी कोणी? ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख तुडवला, त्यांनीच. चारा कुठे आणि पाणी कुठे, यावर त्यांचे सारे बिऱ्हाड चाले. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा करून अशा अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो रद्द झाला. नखाने खरडून न पाहता निकाल देण्याची खोड एकट्या माझीच नव्हे तर!

परतीची वाट कारंज्यावरून होती. तिथे २००० सालापासून काळविटांचे सोहोळ अभयारण्य आहे. "उतरू या का?" पत्नीने विचारले. एरवी मीच हट्ट धरला असता, पण तो रविवार होता. मी म्हणालो, "आधी घर गाठू."

रात्री बॅटरीच्या उजेडात अंगणात नख ओढले. हिरवे! सकाळी कुऱ्हाडवाल्याला चहा आणि निम्मी मजुरी देऊन परत पाठवले. वैशाखात बहावा असा फुलला, की रस्त्यावरची माणसे थांबून बघू लागली. शेजारी माझ्या दूरदृष्टीचे कौतुक करतात. मी गप्प राहतो.

कारण त्याच अंगणात कोपऱ्याला एक पांगारा होता. तोही माघात बोडका झाला होता. तो मी तेव्हाच तोडून घेतला, लाल फुले यायच्या ऐन तोंडावर. त्याच्या बुंध्यावर आता आम्ही दिवाळीची पणती ठेवतो. पत्नी काही बोलत नाही. पण पणती ठेवताना दर वेळी ती त्या बुंध्यावरून एकदा नख ओढून पाहते.