जुन्या गेमला नवं शेपूट कशाला?

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या. पण विषय असा आहे की त्यावर मराठीतच भांडायला मजा येते.

हॉस्टेलवरचा हा नेहमीचा वाद. एखादा गेम वीस-पंचवीस वर्षांचा झाला, तरी कंपनीने त्याचे एक्सपान्शन काढत राहावं का? एक पार्टी म्हणते, "बस करा, म्हाताऱ्याला सुखाने रिटायर होऊ द्या आणि नवीन काहीतरी बनवा." दुसरी म्हणते, "चालतंय तोवर चालू द्या की, तुमचं काय जातंय?" मी दुसऱ्या पार्टीत आहे, पण काही अटी घालून.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेते: एज ऑफ एम्पायर्स टू. एन्सेम्बल स्टुडिओजने तो 1999 साली काढला, तेव्हा त्यात 13 संस्कृती होत्या. 2000 साली 'द कॉन्करर्स' हे एक्सपान्शन आलं आणि 5 वाढल्या. पुढे 13 वर्षं अधिकृत असं काहीच नाही. 2009 साली तर स्टुडिओलाच टाळं लागलं. खेळणारे मात्र थांबले नाहीत. काही चाहत्यांनी स्वतःच 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचा मॉड बनवला. तो इतका जमला की 2013 साली तोच 'द फरगॉटन' या नावाने अधिकृत एक्सपान्शन म्हणून बाजारात आला. म्हणजे हौशी लोकांचं काम थेट मूळ गेमचा भाग झालं! आपल्यासारख्या प्रोजेक्ट करणाऱ्यांना यापेक्षा भारी फंडा कुठला हवा?

आता एक्सपान्शनने नेमकं होतं काय, ते बघू. मूळ गेममध्ये शेत संपलं की ते परत हाताने पेरावं लागायचं. इकडे लढाई पेटलेली आणि तिकडे तुमची रयत रिकामी उभी. कॉन्करर्सने गिरणीवर आगाऊ पैसे भरून शेतं आपोआप पेरली जायची सोय केली. गोष्ट किरकोळ आहे, पण एकदा सवय लागल्यावर जुन्या पद्धतीने खेळून बघा, वैताग येतो. चांगलं एक्सपान्शन म्हणजे नुसते नवे हत्ती-घोडे नसतात. जुन्या गेममधली खुपणारी जागा ते नीट करतं.

दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. 2013 साली गेममध्ये 'इंडियन्स' आले, पण अख्ख्या देशाची मिळून एकच संस्कृती. पंजाब काय, बंगाल काय, तमिळनाडू काय, सगळे एका पोत्यात! 2022 च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने ते पोतं सोडलं. हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार संस्कृती झाल्या आणि राजेंद्र चोळाची मोहीमही आली. आता तुम्ही विचाराल, यात मराठी माणूस कुठे? शिवाजी महाराजांचं 17 वं शतक गेमच्या काळाबाहेर जातं, हे मान्य. पण देवगिरीचे यादव? अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली ती 1296 साली, म्हणजे बरोब्बर गेमच्या काळात. तरी यादवांची वेगळी संस्कृती आलेली नाही. 2016 सालीच कुणी "बास, झालं आता" म्हटलं असतं, तर चोळही आले नसते आणि यादवांबद्दल विचारायची सोयही उरली नसती.

आता विरोधी पार्टीचं ऐकू, कारण त्यांचे मुद्दे अगदीच फालतू नाहीत.

पहिला मुद्दा: बुद्धिबळाला कुणी एक्सपान्शन काढतं का? उत्तर आहे, काढलं होतं! आपल्या चतुरंगातला मंत्री फक्त एक घर तिरका जायचा. 15 व्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याला आजची चाल मिळाली, आणि आपण ज्याला वजीर म्हणतो तो पटावरचा दादा झाला. त्या काळच्या जुन्या खेळाडूंनीही कुरकुर केलीच असणार.

दुसरा मुद्दा: तोल बिघडतो. हा खरा आहे. 2025 च्या 'थ्री किंगडम्स'मध्ये तिसऱ्या शतकातली चिनी राज्यं आली, आणि सोबत एकट्याने दहांना भारी पडणारे हीरो. तेही रँक्ड मॅचमध्ये! खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि माझ्या मते बरोबर केला. पण एक भाजी खारट झाली म्हणून आपण मेस बंद करा म्हणतो का? आचाऱ्याला सांगतो, मीठ बघ.

तिसरा मुद्दा: जुन्यात अडकलं की नवीन गेम बनत नाहीत. पण एज ऑफ एम्पायर्स फोर 2021 साली आलाच की. त्यानंतरही टूची एक्सपान्शन येत राहिली. दोघांनी एकमेकांचा घास काढला नाही.

आता माझ्या अटी. पहिली, ज्याला जुनं तसंच खेळायचंय त्याच्या हातातून ते काढून घेऊ नका. वॉरक्राफ्ट थ्रीची 'रीफोर्ज्ड' आवृत्ती 2020 साली आली, तेव्हा ऑनलाइन खेळणाऱ्या जुन्या ग्राहकांनाही तिच्यातच ओढलं गेलं आणि केवढा संताप झाला! याउलट 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी रूपातली 'क्लासिक' आवृत्ती 2019 साली वेगळी दिली, तर लोकांनी रांगा लावल्या. दुसरी अट, ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला पंगतीतून उठवू नका. हॉस्टेलवर आठजण खेळायला बसले तर नवीन एक्सपान्शन विकत घेतलेले असतात दोघं. एज टूमध्ये बाकीच्यांना त्यांच्याविरुद्ध खेळता येतं, फक्त नवी संस्कृती निवडता येत नाही. हीच पद्धत सगळ्यांनी ठेवावी. तिसरी अट, नवं विकण्याआधी जुने बग काढा. गळक्या घरावर मजला चढवू नये, हे सिव्हिलवाले सांगतीलच.

आपल्याला शिकवतात की सॉफ्टवेअरचं अर्धं आयुष्य मेंटेनन्समध्ये जातं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो आणि स्वप्नं बघतो ती फक्त काहीतरी नवं बनवायची. 32 एमबी रॅमच्या काळातला गेम आजही वाढवत ठेवणं, तेही रोज खेळणाऱ्यांच्या शिव्या खात, हे मला नवा गेम काढण्याइतकंच अवघड इंजिनिअरिंग वाटतं. उद्या नोकरीत आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कुणाचा तरी जुनाच कोड येणार आहे. तेव्हा नाक मुरडायच्या आधी त्याच्यावर रोज विसंबून असलेली माणसं आठवावीत, एवढंच म्हणणं.

सरांना आणि मॅडमना पटलं नसेल तर ओरलला विचारू नये, ही नम्र विनंती. बाकीच्यांनी मेसमध्ये भेटावं. वाद घालायला मी तयार आहे!