शब्दांचे गोत्र : दान, डोस आणि 'गिफ्ट'

वाढदिवस असो वा वास्तुशांत, 'गिफ्ट' हा शब्द आता आपल्या घरांत रुळला आहे. हाच शब्द जर्मनीत एखाद्या बाटलीवर दिसला, तर मात्र तिला हात लावू नये. कारण जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष! रूपाने सारख्या, पण अर्थाने फसविणाऱ्या अशा परभाषी शब्दांना फ्रेंच भाषेत 'खोटे मित्र' म्हणतात.

येथे मात्र हे मित्र मुळात सख्खे आहेत. इंग्रजी आणि जर्मन या एकाच कुळातील भाषा, आणि दोहोंतील 'गिफ्ट' हा शब्द 'देणे' या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ देणगी असाच होता. विवाहात मुलीबरोबर दिलेल्या धनाला तेथे 'मिटगिफ्ट' म्हणतात. त्या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. स्वीडिश भाषेत तर 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि विवाहितही! 'मुलगी अमक्या घरी दिली' असे आपण म्हणतो, तोच भाव या दुसऱ्या अर्थामागे आहे.

मग या देण्यात विष आले कोठून? ग्रीक भाषेत 'डोसिस' म्हणजे देणे. वैद्याने द्यावयाची औषधाची मात्राही 'डोसिस'च. आपला 'डोस' तेथलाच. या शब्दाच्या धर्तीवर जर्मनमध्येही 'गिफ्ट' मात्रेसाठी योजला गेला. पुढे घातक मात्रेला तोच सौम्य शब्द लागू झाला आणि अखेर विष हाच अर्थ उरला.

'डोसिस', लॅटिन 'डोनुम' आणि आपले 'दान' हे शब्द मात्र एकाच धातूचे, संस्कृत 'दा'चे भाऊबंद. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही आपल्याकडील दानाची चार रूपे सर्वांना ठाऊक आहेत. 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायाचा शेवटच या विचाराने होतो की, विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांच्या विशेषाने दानात विशेष येतो. केवळ वस्तू हातातून सुटली म्हणजे दान झाले, असे नव्हे.

आहारदानाच्या वेळी मुनींनी नको अशी खूण केली की दात्याचा हात तेथेच थांबतो. आग्रहाला तेथे जागा नसते. मुलांवर वस्तूंचा वर्षाव करताना, आप्तांना उपकाराची आठवण देत मदत करताना, आपला हात असा थांबतो का? देण्याची मात्रा चुकली की त्याचे काय होते, ते जर्मन भाषेने एका शब्दात जपून ठेवले आहे.