पन्हाळ्याचा लौकिक आणि उताराची जमीन

पन्हाळगडाचें नांव ११ जुलै २०२५ रोजीं जागतिक वारशाच्या यादींत दाखल झालें. मराठ्यांचे जे बारा किल्ले त्या यादींत एकत्र घेतले गेले, त्यांपैकीं अकरा आपल्या राज्यांतील व एक, जिंजी, तामिळनाडूंतील आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या वांट्यास त्यांत एकटा पन्हाळाच आला. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु गडाच्या सुधारणेविषयीं जी चर्चा चालली आहे, तींत तीनच पक्षांचें बोलणें ऐकूं येतें. गडावरील रहिवाशांस आपलें घर दुरुस्त करण्याचीही मोकळीक जाईल अशी धास्ती वाटते; लॉज व खाणावळी चालविणारांस प्रवासी वाढावे असें वाटतें; आणि गडप्रेमी मंडळींस तटाबुरुजांपुढें दुसरें कांहींच दिसत नाहीं. तिघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. पण गडाच्या पायथ्याचा शेतकरी ह्या चर्चेंत कोठें आहे? आमच्या मतें सुधारणेचा खरा भार त्याच्याच जमिनीवर पडणार आहे, आणि त्याला अद्याप कोणीं धड विचारलेलेंही नाहीं.

हें कसें, तें कायद्यावरूनच दिसून येईल. पन्हाळा हें केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडील संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम मना असून पुढील २०० मीटरपर्यंत तें परवानगीवांचून करतां येत नाहीं. नियम योग्यच आहे. पण पाटाला एकीकडे बांध घातला म्हणजे पाणी दुसरीकडून वाट काढतें. गडावर जागा मिळेनाशी झाली कीं धनिकाची नजर खालच्या उतारावर आणि मसाईच्या पठाराकडे जाणाऱ्या वाटांवर वळते. पठाराचा कांहीं भाग संवर्धन राखीव आहे हें ठीक. भोंवतालच्या खाजगी माळरानास मात्र तसें कांहीं कवच नाहीं.

आमची सारी उमेद महसुली दप्तरांत गेली, म्हणून एक गोष्ट अधिकारानें सांगतों. सातबाऱ्यावर ज्या क्षेत्रापुढें 'पोटखराब' असा शब्द पडतो, तें लागवडीस नालायक म्हणून त्यावर आकार बसत नाहीं. डोंगराळ वरकस जमिनीचा आकार तर इतका थोडा कीं मालकही ती हिशेबांत धरीत नाहीं. गवत कापावें, गुरें सोडावीं, जळण आणावें, एवढाच तिचा उपयोग. खरेदीदार येतो तो नेमकी हीच जमीन मागतो. कारण दृश्य तेथूनच दिसतें! उसाचें रान त्याला नको असतें. शेतकऱ्यास वाटतें, निरुपयोगी तुकडा गेला आणि घरांत पैसा आला. दप्तराच्या भाषेनें त्यालाही फसविलें आणि सरकारलाही.

कारण त्या तुकड्याचें खरें उत्पन्न पाणी हें आहे. पन्हाळा व मसाई यांच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभा सच्छिद्र असल्यानें पावसाचें पाणी त्यांत मुरतें आणि खालच्या घट्ट थरावर अडून डोंगराच्या कुशींत झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. ह्याच ओलाव्यावर पायथ्याच्या विहिरी व गुरांचे पाणवठे पाऊस सरल्यावरही जीव धरून असतात. ह्या रांगेच्या उत्तरेस वारणा व दक्षिणेस कासारी. कासारी पुढें प्रयाग चिखलीस पंचगंगेला मिळते. माथ्यावर फरशी व डांबर पसरलें कीं मुरणारें पाणी धांवूं लागतें. पावसाळ्यांत तें चिखली-आंबेवाडीच्या महापुरांत भर घालील, आणि उन्हाळ्यांत झरा आटेल. जुलै २०२१ मध्यें गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला. तो बांधकामांमुळें खचला असें आम्ही म्हणत नाहीं, पाऊसच विलक्षण होता. परंतु हा डोंगर किती भार सोशील, ह्याची विचारपूस त्यानंतर तरी व्हावयास नको होती काय?

गड बांधणारांनीं ती विचारपूस केली होती. गडावरील तळीं, अंधारबाव आणि अंबरखान्याचीं तीन धान्यकोठारें पाहावीं. आधीं पाणी व दाणा, मग माणसें, असा तो क्रम होता. म्हणूनच १६६० सालीं सिद्दी जौहराचा वेढा चार महिने सोसतां आला. आज क्रम उलटा चालला आहे.

जमीन एकदां हातची गेली म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला पुणें जिल्ह्यांत आहे. मोसे नदीच्या खोऱ्यांत लवासा नांवाचें डोंगरी शहर वसविण्याचा घाट घातला गेला. २०१० मध्यें केंद्राच्या पर्यावरण खात्यानें काम थांबविण्याचा हुकूम काढला, आणि २०१८ मध्यें तो सारा व्यवहार दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें गेला. धनको आपली रक्कम मागावयास तेथें उभे राहूं शकतात. ज्यानें आपला माळ विकला, तो कशाचा दावा करणार?

प्रवासी येऊंच नयेत, असें म्हणण्याइतके आम्ही हट्टी नाहीं. येणारा पाहुणा हिंवाळ्यांत गुऱ्हाळावर बसून गूळ-काकवी खाईल, वारणाकांठचें दूध पिईल, तर आमच्याच लोकांस चार पैसे मिळतील. राज्याचें कृषि पर्यटन धोरण २०२० पासून आहे. त्याखालीं शेतकऱ्यास स्वतः व शेतकी सहकारी संस्थेसही नोंदणी करतां येते. साखर व दूध ह्यांचा धंदा सहकारानें उभारलेल्या ह्याच तालुक्यास चार खोल्यांचा धंदा जड जाऊं नये. जमीन भाड्यानें द्यावी, भागीनें द्यावी. खरेदीखत करूं नये.

कुळकायद्याच्या ६३ व्या कलमानें बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास आडकाठी आहे. तरी शेतकऱ्याचें नांव पुढें करून व्यवहार होतात, हें चावडीवर कोणास ठाऊक नाहीं? फेरफाराची नोटीस लागली कीं हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि ते बहुधा नोटीस न वाचतांच जातात. मोठ्या बाबतींतही तेंच. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजीं निघाला. त्यांत आपल्या जिल्ह्यांतील अनेक गांवें होतीं, मुदत साठ दिवसांची होती, आणि केंद्राच्या राजपत्राची भाषा हिंदी व इंग्रजी! पायथ्याच्या ग्रामपंचायतींनीं येत्या ग्रामसभेंत आपल्या शिवारांतील प्रत्येक झरा, विहीर व पाणवठा सर्व्हे नंबरासह लिहून घ्यावा, आणि चैत्रवैशाखांत त्यांत किती पाणी राहतें तें दरसाल मोजून ठेवावें. उतारावरील एखाद्या बांधकामाच्या परवानगीस हरकत घेण्याची वेळ येईल, त्या दिवशीं अर्जास जोडावयास हा कागद हातीं असेल.